पाटीवरचे दोन शब्द

जॅक्सन हाइट्स, न्यूयॉर्क
रविवार रात्र

ती. बाबा आणि आई,

साष्टांग नमस्कार.

मागच्या रविवारी फोनवर दुकानाच्या पाटीचा विषय निघाला आणि मी एकदम गप्प झाले, ते तुमच्या लक्षात आलं असणार. तुम्ही म्हणालात, पत्रा गंजलाय, अक्षरं उडालीत, दिवाळीच्या आत नवी पाटी करून घेऊ, मजकूर आहे तोच ठेवू, ‘आणि सन्स’सकट. मला तेव्हाच बोलायचं होतं. पण दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, ताई सोडे मोजून देत होती, तिचा आवाज मला मागून ऐकू येत होता. तेवढ्या गडबडीत जे सांगायचं ते नीट सांगता आलं नसतं. म्हणून पत्र लिहायला बसले. दुपारी दुकान बंद करून जेवण झालं की झोपाळ्यावर बसून वाचा, आईलाही वाचून दाखवा. ताईला मी वेगळं लिहीन. हे आधी तुम्ही दोघांनीच वाचा.

काल सकाळी एफ गाडी पकडून मी मॅनहॅटनमध्ये गेले होते. सेकंड अॅव्हेन्यू स्टेशनवर उतरलं की वर हाउस्टन स्ट्रीट लागतो. (टेक्सासमधलं शहर ते ह्यूस्टन, इथला हा रस्ता मात्र हाउस्टन. चुकीचं म्हटलं की लोक लगेच दुरुस्त करतात.) या भागाला लोअर ईस्ट साइड म्हणतात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पूर्व युरोपातून आलेली ज्यू माणसं इथे एकेका खोलीत पाच-सात जण अशी राहत होती. आता इथे काचेच्या इमारती आणि महागडे कॅफे आहेत. पण १७९ नंबरला एक जुनं दुकान अजून उभं आहे. त्याच्यावर निऑनची पाटी आहे, पाटीवर मासे काढलेत, आणि नाव आहे ‘रस अँड डॉटर्स’. रस आणि कन्या. (रस हे मालकाचं आडनाव.)

बाबा, या शहरात आल्या आल्या मी ही पाटी पहिल्यांदा पाहिली, तेव्हा रस्त्यात थांबून दोनदा वाचली होती. ‘आणि सन्स’ आपण जन्मभर वाचत आलो. अलिबागेत वाचलं, पेणला वाचलं, मुंबईत तर गल्लोगल्ली वाचलं. ‘आणि बंधू’ वाचलं, ‘आणि मंडळी’ वाचलं. ‘आणि कन्या’ कुठे वाचल्याचं मला आठवत नाही. तेव्हापासून महिन्या-दोन महिन्यांनी मी तिथे जाते. कधी पाव किलो मासे घेऊन येते, कधी नुसती उभी राहून बघते. तुमच्या फोननंतर काल पुन्हा गेले, ते मुद्दाम.

आत शिरलं की दाराशी यंत्रातून नंबराची चिठ्ठी काढायची. माझा बासष्ट होता आणि आतून एकतीस पुकारत होते. दुकान लांबट आणि अरुंद आहे. एका बाजूला मासे आणि चीज, समोरच्या बाजूला सुकामेवा, चॉकलेटं, तिळाचा हलवा, गोड पाव. वास सांगायचा तर आपल्या मागच्या खणाचा आणि पुढच्या बरण्यांचा वास एकत्र केला आणि त्यात थोडा लाकडाचा धूर घातला, तसा. पांढरे डगले घातलेली माणसं कापायला उभी. माझा नंबर आला तेव्हा समोर जो होता त्याची सुरी मी नीट बघितली. लांब, निमुळती, पातं इतकं लवचिक की वाकून परत सरळ होतं. साल्मनची अख्खी बाजू कातडी खाली ठेवून पाटावर घातलेली. डावा हात त्याच्यावर अगदी हलका, उजव्या हातानं सुरी जवळजवळ आडवी धरून तो एकेक काप काढत होता. दाबायचं नाही, ओढायचंही नाही, सुरीला तिच्या वजनानं जाऊ द्यायचं. काप सुटला की सुरीच्याच पात्यावर उचलून मेणकागदावर, पुढचा त्याच्यावर जरासा चढवून. पहिला काप त्यानं माझ्यापुढे धरला, चाखायला. खाली छापील कागद ठेवला तर कापातून अक्षरं दिसावीत असा पातळ. मला आपले आजोबा आठवले. आंबापोळीचा तुकडा गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवल्याशिवाय ते भाव सांगत नसत.

या कापणाऱ्यांत एक डॉमिनिकन गृहस्थ असत. पोरवयात इथे कामाला लागले आणि म्हाताऱ्या गिऱ्हाइकांशी यिडिशमध्ये, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या बोलीत, बोलायला शिकले. एक नेपाळहून आलेला शेर्पाही होता, आणि त्याच्याच हातचे काप हवेत म्हणून लोक थांबत. म्हणजे घराण्याचं दुकान असलं तरी कसब सगळ्यांसाठी मोकळं.

आता आई विचारेल, हे दुकान नक्की कसलं? तर इथे ‘डेली’ म्हणून दुकानांचा एक प्रकार आहे. डेलिकॅटेसन हा मूळ जर्मन शब्द. एकोणिसाव्या शतकात जर्मन लोकांनी ही तऱ्हा इथे आणली: मुरवलेलं, खारवलेलं, धुरी दिलेलं, तयार खाण्याचं सामान विकायचं. पुढे ज्यू लोकांनी ती आपलीशी केली. पण त्यांच्यात डेली म्हणजे मांसाचं दुकान. याच रस्त्यावर चार पावलं पुढे कॅट्झ म्हणून १८८८ सालापासूनची डेली आहे, तिथे पास्त्रामी मिळते, गोमांस मुरवून धुरी देऊन केलेली. मासे आणि दुधाचे पदार्थ विकतं ते दुकान वेगळं, त्याला ‘अॅपेटायझिंग’ म्हणतात. न्यूयॉर्कबाहेर हा शब्द या अर्थानं फारसा कुणाला कळत नाही. अशी दुकानं एके काळी इथे पुष्कळ होती, आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली.

दोन दुकानं वेगळी का, हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. आपल्या इस्राएल आळीतली आजीची मैत्रीण आठवते ना? तिच्या घरी मटण असलं की त्या जेवणात दही-दूध काही नसायचं, रस्सा नारळाच्या दुधाचा. मासे घ्यायला आजीबरोबर बाजारात यायची तेव्हा पापलेट, सुरमई बघायची, पण कोळंबीच्या, खेकड्यांच्या, तिसऱ्यांच्या वाट्याकडे बघायचीही नाही. खवले आणि पर असलेलाच मासा चालतो, असं ती आजीला सांगायची. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनवार तेली, नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या गलबतातून वाचलेल्यांचे वंशज, एवढंच आपल्याला ठाऊक. तोच नियम इथे दुकानाच्या भिंती ठरवतो, बाबा. मांस आणि दूध एकत्र चालत नाही, म्हणून मांसाचं दुकान एकीकडे. मासा मात्र दोन्हींत चालतो, म्हणून मासा आणि चीज दुसरीकडे. पावावर मलईदार चीज आणि त्यावर मासा हे जे न्यूयॉर्कचं म्हणून जगभर प्रसिद्ध झालं, ते या नियमातून आलं. तिची मुलं इस्राएलला गेली, घर बंद झालं. ती असती तर मी हे पत्र तिलाही वाचायला द्या म्हटलं असतं.

आता दुकान कसं सुरू झालं ते. हे ऐकल्यावर तुम्हाला आजोबांचीच गोष्ट वाटेल.

जोएल रस नावाचा तरुण १९०७ साली इथे आला, गॅलिशियामधल्या स्त्रिझूव या गावाहून. तेव्हा ते ऑस्ट्रियाच्या राज्यात होतं, आज पोलंडमध्ये आहे. त्याची बहीण आधीच इथे येऊन खारवलेला हेरिंग मासा विकत होती. याच्याकडे भांडवल नव्हतं. तर यानं काय केलं? सुकवलेल्या पोलिश अळंब्यांच्या माळा खांद्यावर टाकल्या आणि गल्ल्यांमधून फिरून विकल्या. माळा, बाबा! हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. आपले आजोबा पांढऱ्या कांद्याच्या माळा खांद्यावर घालून रेवसच्या धक्क्यावर लाँचची वाट बघत उभे राहायचे, हे तुम्ही आम्हाला किती वेळा सांगितलंत. पहिल्या लाँचला दोन माळा, दुसऱ्या लाँचला तीन, आणि उरलेल्या घेऊन चालत परत. समुद्राच्या दोन टोकांना दोन माणसं, एकमेकांना कधी न पाहिलेली, आणि खांद्यावर तेच.

माळांच्या पैशांतून जोएलनं हातगाडी घेतली, मग घोडागाडी, आणि १९१४ साली ऑर्चर्ड स्ट्रीटवर दुकान. १९२० साली ते कोपऱ्यावरून वळून हाउस्टन स्ट्रीटवर आणलं, आणि ते आजपर्यंत तिथेच आहे. माल काय, तर गरिबांचा. हेरिंग पिंपात मिठात मुरलेला, स्वस्त, टिकाऊ, पाव आणि कांद्याबरोबर एका माशावर घर जेवायचं. आपल्याकडे पावसाळ्यात सुका बोंबील जे करतो तेच. आणि लॉक्स, म्हणजे नुसत्या मिठाच्या पाण्यात मुरवलेला साल्मन. तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून पिंपं भरून रेल्वेनं यायचा. शीतकपाटं नव्हती, म्हणून मीठ भरपूर. नंतर बर्फाची, थंडीची सोय झाली तसं मीठ कमी झालं आणि हलकी थंड धुरी देण्याची पद्धत आली. त्याला नोव्हा म्हणतात, कॅनडातल्या नोव्हा स्कॉशिया प्रांताच्या नावावरून. आज लोक लॉक्स मागतात तेव्हा बहुतेकांना हवा असतो नोव्हाच. मी दोन्ही खाऊन बघितले. खरा लॉक्स जिभेला चावतो, इतका खारट. पण मला तोच आवडला. त्याची चव मीठ लावून ठेवलेल्या सुरमईच्या वळणाची, फक्त आंबटपणा नाही. आई, त्याच्याबरोबर तुझं आगळाचं सार असतं तर काय झालं असतं!

जोएलला मुलगा नव्हता. तीन मुली: हॅटी, आयडा आणि अॅन. शाळकरी वयापासूनच शनिवार-रविवार तिघी दुकानात असायच्या. पिंपात कोपरापर्यंत हात घालून हेरिंग काढायचा, कापायचा, साफ करायचा, कागदात बांधून द्यायचा. बरोबरीच्या मुली बाहेर फिरायला जायच्या तेव्हा यांच्या हाताला माशाचा वास. जोएलला लोक मोठा पुरोगामी वगैरे समजत नाहीत, आणि त्याच्या घरच्यांनीही तसं कधी रंगवलेलं नाही. तो तापट होता. गिऱ्हाइकानं जास्त चिकित्सा केली तर त्याच्यावरच ओरडायचा. मुली गल्ल्याशी आल्या, हसून बोलू लागल्या, तेव्हा तुटलेली गिऱ्हाइकं परत आली. त्याला एवढंच कळलं की दुकान चालतंय ते या तिघींमुळे. आणि जे कळलं ते त्यानं लिहून टाकलं. १९३५ साली तिघींना पूर्ण भागीदार केलं आणि पाटी बदलली. ‘आणि कन्या’ असं नाव लावणारा अमेरिकेतला हा पहिलाच धंदा, असं सांगितलं जातं.

यातलं मला सगळ्यात मोठं काय वाटतं सांगू? तो प्रेमळ होता म्हणून त्यानं हे केलं असतं तर मी म्हटलं असतं, चांगला बाप होता. पण तो हिशेबी दुकानदार होता. त्यानं हिशेब केला आणि उत्तर खरं आलं, ते त्यानं लपवलं नाही. पुढे तिघींची लग्नं झाली. तिन्ही जावई दुकानात कामाला आले, मासे कापू लागले, आणि त्यांच्या डोक्यावर पाटी होती ती बायकांची. जावईबापूंना काय वाटेल, हे तुम्ही ताईच्या वेळी दोनदा म्हणालात, म्हणून हे मुद्दाम लिहिते आहे.

इथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या दिवंगत न्यायाधीश रूथ बेडर गिन्सबर्ग याच शहरात, ब्रुकलिनमध्ये वाढल्या. या दुकानावर २०१४ साली एक माहितीपट निघाला, त्यात त्या बोलल्या आहेत. तिथलं काही चाखण्याच्या आधीच त्या पाटीनं त्यांना आनंद झाला होता, अशा अर्थाचं. त्याच माहितीपटात शंभर वर्षांची हॅटी आणि ब्याण्णव वर्षांची अॅन शेजारी शेजारी बसून बोलतात, एकमेकींचं वाक्य तोडतात, हसतात. आयडा तेव्हा नव्हती. मी तो बघितला त्या रात्री मला झोप लागली नाही. डोळ्यांपुढे ताईच येत होती.

बाबा, ताई आपल्या दुकानात किती वर्षं आहे? कॉलेज सुटल्यावर तासभर बसायची तिथपासून मोजलं तर अठरा वर्षं होतील. काका पुण्याला गेले तेव्हा त्यांची बाजू तिनं उचलली. कोकम कुणाकडचं घ्यायचं, कुठल्या सोड्यांना वाळू लागते, पांढऱ्या कांद्याची माळ खरी कुठली आणि बाहेरून आणून विणलेली कुठली, हे तिच्याइतकं आता तुम्हालाही ठाऊक नाही. ही तुमचीच कबुली आहे. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दीड महिना तिनं एकटीनं चालवलं, एक दिवसही फळी लागली नाही. आणि तरी गेल्या मे महिन्यात मी आले होते तेव्हा एक माणूस आला, मालाची मोठी ऑर्डर द्यायची होती त्याला. ताई गल्ल्यावर, समोर वही उघडी. त्यानं तिला विचारलं, “मालक कुठे आहेत?” ती म्हणाली, “बोला ना, मीच बघते.” तर तो म्हणाला, “नाही, मालक आल्यावर येतो.” आणि गेला. ताईनं वही मिटली, एवढंच. मला वाटलं ती चिडेल. ती म्हणाली, “वर ‘सन्स’ लिहिलंय ना. त्याचं काय चुकलं?”

हे मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही. ताईनं सांगू नको म्हटलं होतं. आज तिचं न ऐकता लिहिते आहे.

पुढची गोष्ट थोडक्यात सांगते. साठ-सत्तरच्या दशकांत हा सगळा भाग खालावला. जुने ज्यू रहिवासी चांगल्या वस्त्यांत निघून गेले, रस्त्यावर नशेचा बाजार भरू लागला, शेजारची दुकानं एकामागून एक बंद झाली. १९७८ साली अॅनचा मुलगा मार्क वकिली सोडून गल्ल्यावर येऊन उभा राहिला आणि त्यानं तीस वर्षं दुकान तगवलं. २००९ साली ते चौथ्या पिढीकडे गेलं: मार्कची मुलगी निकी आणि भाचा जॉश. जॉश शिकलेला इंजिनिअर. चार पिढ्या, शंभरावर वर्षं, आणि १९३५ नंतर पाटीवरचं नाव बदललं नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी काल खरोखर गेले ती. शंभर वर्षं या दुकानात बसून खायची सोय नव्हती. बाहेर बाकडं आहे, लोक कागद उलगडून तिथेच खातात. निकी आणि जॉशनं २०१४ साली, शंभराव्या वर्षी, ऑर्चर्ड स्ट्रीटवर कॅफे काढला. जोएलचं पहिलं दुकान ज्या रस्त्यावर होतं त्याच रस्त्यावर. दुकानातली कौंटरवाली मंडळी घालतात तसेच पांढरे डगले तिथल्या वाढप्यांना. माल दुकानातलाच, फक्त बशीत आणि बसून. लाकडी फळीवर तीन-चार तऱ्हांचे मासे मांडून आणतात, बाजूला बेगल नावाचा गोल पाव, चीज, कांदा, टोमॅटो, केपर. बटाट्याच्या किसाचे लाटके मिळतात, ते आपल्या बटाट्याच्या थालीपिठाचे धाकटे भाऊ. शेवटी तिळाच्या हलव्याचं आइस्क्रीम.

मी एकटीच होते म्हणून लहान फळी मागवली. सेबल नावाचा मासा होता, कडेला लाल मिरचीपुडीचा रंग, आतून पांढराशुभ्र, लोण्यासारखा. काट्यानं उचलला तर पाकळी पाकळी सुटतो. पहिला घास खाल्ला आणि मला हलवा माशाच्या पोटाच्या तुकडीची आठवण आली, आई कालवणातून माझ्यासाठी काढून ठेवायची ती. शेजारच्या टेबलावर म्हातारी आजी आणि तिची नात होती. आजी नातीला सांगत होती, आम्ही हे घरी नेऊन वर्तमानपत्रावर खायचो. आणि तरी मजेत खात होती. दुकानाचा धंदा कमी झाला नाही. कॅफेत खाऊन बाहेर पडलेली माणसं दोन गल्ल्या चालून दुकानात जातात आणि घरी न्यायला बांधून घेतात. काल मीही तेच केलं.

ताईनं मागच्या खोलीबद्दल तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, दुकान ते दुकान, खानावळ ती खानावळ. बाबा, ती खानावळ काढायचं म्हणतच नाही. तिला सहा टेबलं हवीत. आपल्याच दुकानातलं कुळथाचं पिठलं, सोड्यांची खिचडी, सोलकढी, पांढऱ्या कांद्याची कोशिंबीर. जे बरणीत विकतो ते ताटात कसं लागतं हे गिऱ्हाइकाला कळावं, एवढंच तिचं म्हणणं. मांडव्याला उतरून गाडीनं येणारी मुंबईची माणसं सोडे घेऊन जातात आणि घरी गेल्यावर फोन करतात, भिजवायचे किती वेळ? त्यांना एकदा खिचडी खाऊ घातली तर ती पावशेराऐवजी अर्धा किलो नेतील. ताईनं हिशेब मांडून ठेवलाय, निळ्या वहीत, शेवटच्या पानांवर. तिनं तुम्हाला दाखवला नसेल. तुम्ही मागा.

आता माझं मागणं, स्पष्ट लिहिते.

नवी पाटी करताना आजोबांचं नाव आहे तसंच, त्याच मोठ्या अक्षरांत राहू दे. ‘आणि सन्स’ काढा. तिथे ‘आणि कन्या’ लिहा. आजोबांचा अपमान होईल असं तुम्हाला वाटतं, हे मला माहीत आहे. पण ‘सन्स’ आजोबांनी लिहिलं ते तेव्हा खरं होतं म्हणून. तुम्ही आणि काका दोघं गल्ल्यावर उभे होता. ते आज असते तर गल्ल्यावर कोण आहे ते बघून त्यांनी स्वतःच रंगाऱ्याला बोलावलं असतं. खोटं वजन त्यांनी कधी केलं नाही, तुम्हीही नाही.

आणि नुसती पाटी नको. जोएलनं मुलींना पूर्ण भागीदार केलं आणि मग रंग लावला, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. भागीदारीपत्र करायला आपले नेहमीचे वकील आहेत. काकांनी त्यांचा वाटा पुण्याला जाताना घेतला, तरी त्यांच्या कानावर आधी घाला, फोनवर नको, समक्ष. काकू तर खूशच होतील, मला खात्री आहे. माझा वाटा म्हणून काही ठेवायचा विचार तुमच्या मनात येईल. मला नको. मी इथे पगार घेते आहे. दुकानात उभी राहिले नाही, ते माझं नाही. फक्त एक आहे: ‘कन्या’ हा शब्द एकीलाही चालतो आणि दोघींनाही. तेव्हा पाटी वाचताना मला जे वाटायचं ते मी वाटून घेईन.

रंगारी तोच असला तर त्याला म्हणावं अक्षराचं वळण बदलू नको, ‘आणि’मधला तो लांबट वेलांटीचा फराटा तसाच ठेव. लहानपणी मी त्या फराट्यावरूनच दुकान ओळखायचे, वाचता येत नव्हतं तेव्हा. आणि पत्रा जाड घ्या, खाऱ्या हवेत पातळ टिकत नाही. खर्च मी पाठवते, तेवढा तरी घ्या.

आई, आगळ संपलं. पुढच्या महिन्यात इथली एक मैत्रीण मुंबईहून परत येणार आहे, तिच्याकडे एक बाटली दे, झाकणाला मेण लावून. सोडे नकोत. बाबांची डोळ्यांची तपासणी राहिली आहे, ती या आठवड्यात करून घे. ताईच्या पोरीला सांग, मावशीनं मासे काढलेली पिशवी पाठवलीय, दुकानाची आहे, पाटीसकट.

पत्र पोचलं की कळवा. निळी वही वाचून झाल्यावर फोन करा, मी रात्री कितीही वाजता उचलीन.

तुमची,
धाकटी